बिनआवाजाचा पाठ

नळावर तोंड धुता धुता मी शबानाला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. पुन्हा मारली, पुन्हा हवाच. शबाना शेजारच्या नळावर दात घासत होती, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी मी तिचा दंड धरून हलवला.

"काय गं, नुसतं तोंड उघडझाप करतीस? मुकी झालीस काय?" ती म्हणाली.

मी मान हलवली. ती खो खो हसायला लागली. मग तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"गिरिजा, अगं आज तुझा पाठ हाय!"

जसं काही मी विसरलेच होते.

गडहिंग्लजला आमच्या डी.एड.च्या मुलींचं होस्टेल मिरचीबाजाराच्या मागच्या अंगाला होतं. फेब्रुवारीत मिरचीची आवक जोरात असायची. वखारीत पोती आपटली की तिखटाचा खकाणा उठायचा आणि आमच्या खिडक्यांमधून सरळ आत यायचा. सगळं होस्टेल खोकत होतं. त्यात मी आदला अख्खा दिवस गच्चीवर उभी राहून मोठमोठ्यानं इंग्रजी पाठाची तालीम केली होती. गरज नसताना. सगळ्यांनी ऐकावं म्हणून, असं म्हटलं तरी चालेल.

कारण माझा, गिरिजा हत्तरकीचा, आवाज म्हणजे आमच्या विद्यालयाचं भूषण होतं. इंग्रजी शिकवण्याची पद्धत शिकवणारे जोशिलकर सर म्हणायचे, "हत्तरकी वर्गावर असली की शाळेला घंटा नको." इंग्रजीचा पाठ कसा द्यायचा, हे त्या काळी ठरलेलं होतं. शिक्षिकेनं खणखणीत वाक्य म्हणायचं, वर्गानं एका सुरात मागून म्हणायचं. दहादा म्हटलं की मुलांना आलं, असं धरायचं. ह्या कामाला माझ्यासारखी बाई दुसरी नव्हती. माझ्या सराव पाठांवर शेरा ठरलेला असायचा: आवाज उत्तम.

आणि आज दुसऱ्या, शेवटच्या वर्षाचा वार्षिक पाठ. बाहेरगावच्या परीक्षक, दिवटे मॅडम, येणार होत्या. ह्या पाठात नापास म्हणजे वर्ष वाया.

बाकीच्या मुलींना वर्ष गेलं तर घरची बोलणी खावी लागली असती. माझी गोष्ट निराळी होती. माझी चार वर्षांची कस्तुरी आजऱ्याजवळच्या गावात सासूबाईंजवळ होती. नवरा फौजेत, दूर आसामात. मला डी.एड. करायला आत्तींनीच, म्हणजे सासूबाईंनीच, पाठवलं होतं. पण जाताना त्यांनी बजावलं होतं, "दोन वरसं पोरीला सांभाळतो. त्याच्या म्होरं माझं गुडघं मानायचं न्हाईत, सांगून ठेवतो."

गुडघ्यांचं मी काहीतरी केलं असतं. मला भीती वाटत होती ती कस्तुरीची. पोर माझ्याशी बोलेनाशी झाली होती. आजीशी दिवसभर चिवचिवायची, गोठ्यातल्या गायवासरांशी बोलायची. मी एसटीतून उतरले की मात्र खांबामागं जाऊन उभी राहायची. मी विचारायची, "जेवलीस का? काय जेवलीस? कुणाशी खेळलीस? आईची आठवण येते की नाही? येते ना? खूप येते ना?" ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहायची. आत्ती म्हणायच्या, "जरा दम खा की गं." रविवारी संध्याकाळी मी परत निघायची तेव्हा एक शब्दसुद्धा मिळालेला नसायचा. आणखी एक वर्ष असं गेलं तर ही मला आई म्हणून ओळखेल तरी का, हा विचार परतीच्या एसटीत माझी पाठ सोडायचा नाही.

शबानानं धावपळ केली. मिठाच्या गुळण्या झाल्या. ज्येष्ठमध झालं. स्वयंपाकीण मावशींनी आलं-गूळ उकळून दिला. त्यानं घशाची आग झाली, आवाज काही फुटला नाही.

"असं करू या," शबाना म्हणाली, "तू फळ्यापुढं उभी राहून तोंड हलव. मी दाराआड बसून बोलतो."

मी तिच्याकडे पाहिलं.

"बरं, ऱ्हाऊ दे. माझं इंग्रजी ऐकून तू नक्की नापास हुशील."

शनिवार होता, सकाळची शाळा. साडी नेसून, साहित्याची पिशवी घेऊन आम्ही सरावशाळेत पोचलो तेव्हा जोशिलकर सर दारातच उभे होते.

"सर, गिरिजाचा घसा बसलाय," शबाना म्हणाली.

"बसला म्हणजे किती बसला? गिरिजा, एक वाक्य म्हण बघू."

मी म्हटलं. सरांनी कान पुढे केला. मग हळूच बाकावर बसले.

"अगं बाई, मी दिवटे मॅडमना सांगून ठेवलंय, इंग्रजी ऐकायचं असेल तर आमच्या हत्तरकीचं ऐका म्हणून. आता काय ऐकवायचं त्यांना?"

मी हातांनी विचारलं, पुढं ढकलता येईल का?

"कसं ढकलणार? दुपारच्या गाडीनं त्या निपाणीला निघाल्या. आज पाठ झाला नाही तर पुढच्या वर्षी नव्यानं." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "जा वर्गावर. फळ्यावर लिही. काहीतरी कर. उभी तरी राहा."

मी मनात कस्तुरीचं नाव घेतलं आणि आत गेले.

पाचवीचा वर्ग. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे पोरांच्या पदरात जून महिन्यापासूनचं इंग्रजी. ह्याच वर्गावर माझे बरेच सराव पाठ झाले होते, त्यामुळे मला सगळी ओळखत होती. शेवटच्या बाकावर दिवटे मॅडम बसल्या होत्या. किरकोळ बांधा, जाड चष्मा, हातात गुणपत्रक. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

"गुऽऽड मॉर्निंग टीचर!" वर्ग उभा राहिला.

मी ओठ हलवले. मुलं तशीच उभी राहिली. बसायचं म्हणजे माझं 'सिट डाऊन' ऐकू यायला हवं. मी हातानं खुणावलं, तेव्हा चुळबुळत बसली.

"बाई, मोठ्यांदा बोला की," एकजण म्हणाला.

मी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या बाकावरची संगीता नाईक उठली, मागं वळली आणि साऱ्या वर्गाला तिनं सांगून टाकलं, "टीचर नो टॉक!"

पाठ सुरू होतोय न होतोय तोच चुकीचं इंग्रजी, तेही परीक्षकांच्या समोर! एरवी मी तिथल्या तिथं दुरुस्त करून सगळ्यांकडून पाच वेळा वदवून घेतलं असतं. मॅडमचं पेन हललेलं मला दिसलं.

मी फळ्याकडे वळले. पाठ होता रोजच्या वापरातल्या वस्तूंचा. मी इंग्रजीत 'कोंब' लिहिलं, शेजारी कंगव्याचं चित्र काढलं. वळून बघते तर सगळ्या माना खाली. लिहिलं की उतरवायचं, ही सवय आम्हीच लावलेली. वर्ग शांत आणि सगळी पोरं वह्यांत बुडालेली. मॅडमनी घड्याळात पाहिलं.

फळा मला वाचवणार नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पिशवीत हात घातला. आत कंगवा, आरसा, चमचा, पेला, साबणाची वडी. मला कंगवा काढायचा होता. मी वस्तू बाहेर काढली, वर्गाकडे बघतच केसांकडे नेली आणि विंचरायला लागले.

सगळा वर्ग खदखदून हसला. माझ्या हातात चमचा होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एवढ्यात खिडकीजवळचा दस्तगीर बाकावरून अर्धा उठला आणि ओरडला, "टीचर, नो! स्पून! स्पून!"

"धिस इज स्पून!" दुसरा.

"नो हेअर! ईट! ईट!" संगीता तोंडाशी हात नेऊन दाखवत होती. "कोंब, टीचर! टेक कोंब!"

मी चमचा हातात धरून तशीच उभी. आठ महिन्यांत ह्या पोरांनी माझ्या मागून शेकडो वाक्यं म्हटली होती. पण मी सांगितलेलं नसताना, मला काहीतरी सांगण्यासाठी, एकही वाक्य कुणी बोललं नव्हतं.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. बुडत्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो, तसं मी ते धरलं. चमचा खाली ठेवला, साबण उचलला आणि चावायला तोंडाशी नेला.

"नो! नो ईट!" अर्धा वर्ग उभा. "सोप! बाथ!"

मी कानामागे हात धरला. ऐकू आलं नाही, अशी खूण.

"डोन्ट ईट सोप, टीचर! वॉश! वॉश हँड!"

मी पेला डोक्यावर टोपीसारखा ठेवला. आरशात पाणी ओतायला गेले. पोरं मला अडवत होती, समजावत होती, एकमेकांच्या चुका काढत होती. "ग्लास नॉट हॅट" म्हणाला एक. त्याच्या मागची पोर म्हणाली, "असं न्हाई रे! धिस इज ग्लास. ड्रिंक वॉटर." मला दुरुस्त करता येत नव्हतं, म्हणून पोरंच दुरुस्त करत होती. वर्गात बाजार भरला होता. असा गोंगाट वार्षिक पाठात होऊ देणं म्हणजे वर्गनियंत्रणाचे गुण गेलेच. मला धडकी भरत होती आणि थांबावंसंही वाटत नव्हतं.

मग मी आरसा उचलला आणि मारुती कुंभारापुढे जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. मधल्या रांगेतला हा मुलगा मी कधी उठवलाच नव्हता. उत्तर द्यायला वेळ लावायचा, आणि पाठाच्या लेखी टाचणात प्रत्येक गोष्टीला मिनिटं नेमलेली. एकदा-दोनदा त्याच्याकडे बोट केलं असेल, तर त्याचे ओठ विलगायच्या आत उत्तर मीच देऊन पुढे गेले होते.

तो उठला. आरशाकडे बघत राहिला. वर्ग शांत झाला. मी सवयीनं तोंड उघडलं, 'धिस इज अ...' म्हणून त्याला वाट दाखवायला, आणि हवाच आली. मला काही करता येईना. उभं राहून वाट बघायची, एवढंच.

शेवटच्या बाकावर टक् असा आवाज झाला. दिवटे मॅडमनी पेनाला टोपण लावलं होतं. संपलं, मी मनात म्हटलं. ह्यांनी काय ते ठरवलं. कस्तुरी, आणखी एक वर्ष गं बाळा!

मारुती अजून आरशात बघत होता. कोणी हसलं नाही. मी पण हलले नाही, हलून करणार काय?

"धिस इज मिरर," मारुती म्हणाला. थांबला. मला वाटलं झालं. पण त्याचं झालं नव्हतं. "आय सी... मारुती."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. तो बसला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. घंटा झाली तेव्हा संगीता माझी पिशवी घेऊन फळ्यापुढे उभी होती आणि चमच्यानं केस विंचरत होती, आणि बाकी पोरं तिला ओरडून सांगत होती.

ऑफिसात मॅडमनी माझं टाचण पुढ्यात उघडलं. जोशिलकर सर बाजूला उभे. शबाना दाराशी रेंगाळत होती.

"टाचणात लिहिलंय, शिक्षिका सांगेल, विद्यार्थी ऐकतील. शिक्षिका म्हणेल, विद्यार्थी मागून म्हणतील. पानभर हेच आहे," मॅडम म्हणाल्या. "आज यातलं काहीच झालं नाही."

"मॅडम, हिचा आवाज एरवी..." सर कळवळून म्हणाले.

"घंटेसारखा. सकाळी सांगितलंत तुम्ही." त्या माझ्याकडे वळल्या. "तो आरशाचा मुलगा. त्याला ते वाक्य आधी शिकवलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"त्याला यापूर्वी वर्गात बोलताना ऐकलंय तुम्ही?"

पुन्हा तेच.

"का बरं?"

आवाज असता तर मी दहा कारणं दिली असती. टाचण, वेळ, पटसंख्या, पोराचा स्वभाव. आवाज नव्हता, त्यामुळे प्रश्न तसाच समोर राहिला आणि मला तो पुरता ऐकावा लागला. मॅडमनी टाचण मिटलं.

"घरी जा आता. गुळण्या करा. आणि आवाज परत आला की जरा बेतानं वापरा."

बस्स. पास की नापास, बऱ्यावाईटाचा एक शब्द नाही. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. शबाना तेवढी म्हणाली, "बाईंच्या तोंडावरची माशी हलेल तर शपथ! तू काय काळजी करू नकोस," आणि स्वतःच नखं खात उभी राहिली.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले. 'आवाज व उच्चार' या रकान्यात दिवटे मॅडमनी शून्य दिलं होतं आणि उरलेल्या सगळ्या रकान्यांत भरभरून दिलं होतं. पुढं मी स्वतः परीक्षक म्हणून गावोगाव हिंडले. खणखणीत आवाजाच्या पुष्कळ मुली पाहिल्या. पाठ झाल्यावर त्यांना मी एकच विचारते, वर्गातल्या कुणाचा आवाज तू अजून ऐकलेला नाहीस? पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आजऱ्याच्या एसटीत बसले तेव्हा मी नापास झालेच आहे असं धरून चालले होते. आत्तींना काय सांगायचं, ते मनात जुळवत होते. पुढच्या जूनमध्ये पोरीला पुन्हा सोडून निघायचं, ह्या विचारानं मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आत्ती पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आलीस? कसा झाला पाठ?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं, तोंड उघडून दाखवलं.

"अगं बया! तुझा घसा बसला? तुझा?" त्या हातातल्या शेंगा सुपात टाकून उठल्या. "आज सूर्य कुठनं उगवला म्हणायचा! बस तितं, हळद घालून दूध आणतो."

त्या आत गेल्या. खांबाआडून परकराची कड दिसत होती. माझ्या तोंडाशी नेहमीचे सगळे प्रश्न आले. जेवलीस का, काय जेवलीस, आईची आठवण आली का. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कट्ट्यावर बसले. टॉवेल काढायला पिशवी उघडली तर आधी सकाळच्या वस्तूच हाताला लागल्या. एकेक काढून मी शेजारी ठेवत गेले. आरसा, पेला, साबण, कंगवा.

परकराची कड हलली.

मी तिकडे पाहिलं नाही. चमचा काढला आणि केस विंचरायला लागले.

बराच वेळ काही झालं नाही. मारुतीपुढे उभी होते तशीच मी बसून राहिले.

"त्यो चमचा हाय," खांबामागून आवाज आला.

मी चमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा विंचरायला लागले.

"अगं येडे, चमचा हाय त्यो!" कस्तुरी पुढं आली. माझ्या हातातला चमचा तिनं काढून घेतला आणि कंगवा दिला. "ह्यो घे. ह्यानं इचरायचं."

मी विंचरलं. ती माझ्या गुडघ्याला रेलून बघत होती.

"तुझा आवाज कुठं गेला?"

मी हात हलवले. कुणास ठाऊक!

"मला बी एकदा असं झालंतं," ती म्हणाली. "आज्जीनं मध दिला. मग आमच्या गाईला कालवड झाली. मी बघितलो. वली वली हुती. तिचं नाव मी ठेवलो, सांगू?"

आणि ती सांगत सुटली. कालवडीचं नाव चिंगी. शेजारच्या काकूंनी तिला परकर शिवला. आज्जीचे गुडघे दुखतात तेव्हा ही त्यावर उभी राहते. रात्री अंधाराचं भ्या वाटतं, पण ते आज्जीला सांगायचं नाही. आज्जी म्हणती, तू शाळंत बाई झालीस की मला नेशील. नेशील? चिंगीला बी न्यायचं. मी फक्त मान हलवत होते. आत्ती दुधाचा पेला घेऊन दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझे तर केव्हाचे वाहत होते.

दिवेलागण झाली तरी पोरीचं संपेना. अखेर ती माझ्या मांडीवर चढली, आरशात आम्हा दोघींना बघितलं आणि विचारलं, "आई, तू पुन्यांदा येशील तवा बी अशीच येशील?"

अशीच म्हणजे कशी, हे मला विचारता येत नव्हतं. तिनं माझ्या ओठांवर आपलं बोट ठेवलं.

"अशी गप," ती म्हणाली.

मी मान हलवली.